बत्तिसावा नारळ

नळदुर्गचा पाणीमहाल मी आजवर निदान दोनशे वेळा पाहिला आहे. बांधावरून बोरी नदीचं पाणी कोसळतंय, मी आत दगडी खिडकीत बसलोय, तोंडावर गार तुषार येतायत आणि कुणीही मला ‘अहो’ म्हणून हाक मारत नाहीये. मग लाइट जाते, पंखा थांबतो आणि लक्षात येतं की आपण सोलापुरातच आहोत, आपल्याच दिवाणावर, बनियनवर. तोंडावर आलेला तो घाम होता.

खरा नळदुर्ग आमच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर आहे. माचणूर, परंडा, हत्तरसंग कुडल, सगळंच जवळ. आणि जवळच्या ठिकाणी कोण जातो हो? ‘काय, कधीही जाऊ की’ असं म्हणायचं आणि कूस बदलायची. आमचा भुईकोट किल्ला तर मी ऑफिसला जाताना रोज बघतो, बाहेरून. आत काय आहे हे मला पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी सांगितलं. मी ‘हो, माहितेय ना’ म्हणालो. गावची अब्रू असते.

माझं नियोजन मात्र पक्कं असतं. दोनशेपानी वहीत मी ‘देवळे व किल्ले, दोन दिवसीय सहल’ गेली अनेक वर्षं आखत आलो आहे. किती वाजता कुठं पोचायचं, किती मिनिटं बघायचं, चहा कुठं, सावली कुठं. दुपारी जेवण झालं की वही छातीवर ठेवायची आणि डोळे मिटून निघायचं. ह्या पद्धतीच्या प्रवासात धूळ लागत नाही, टायर फुटत नाही आणि बायकोला गाडी लागत नाही.

तर यंदा डिसेंबरात बायकोनं, म्हणजे विजयमालेनं, ती वही माझ्या छातीवरून उचलली आणि म्हणाली, “गड्ड्याची जत्रा झाली की माझ्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन. डॉक्टर काय म्हणाले ऐकलंत का?”

“सगळं चांगलं होईल म्हणाले.”

“चालता येईल म्हणाले. पण मांडी घालायची नाही, खाली बसायचं नाही, पायऱ्यांवर तर बिलकूल नाही. आता सांगा, एकोणतीस वर्षांपूर्वी तुम्ही मला काय म्हणाला होता?”

एकोणतीस वर्षांपूर्वी मी बरंच काही म्हणालो होतो. तिनंच आठवण दिली. लग्नानंतर जोडीनं देवदर्शनाला निघालो होतो. जोडीनं म्हणजे आम्ही दोघं आणि एका जीपमध्ये बारा नातेवाईक. कुडलजवळ जीप पंक्चर झाली. तेवढ्या वेळात विजयमाला काठापर्यंत जाऊन आली. भीमा आणि सीना तिथं एकमेकींना मिळतात, खाली पाण्यापर्यंत पायऱ्या आहेत. ती बसणार एवढ्यात मामांनी हाक मारली, “चला, टायर बसलं!” आणि मी तिला म्हणालो होतो, “परत येऊ की. निवांत.”

“मला किल्ला नको, दहा देवळं नकोत,” ती म्हणाली. “त्या पायरीवर बसायचंय. तुमच्याशेजारी. नुसतं. मला मांडी घालता येतीय तोवर.”

हे ऐकून मला फार भरून आलं. त्या भरात मी नियोजनाला बसलो, आणि तिथंच चुकलं.

पहिली गोष्ट रजेची. सरकारी नोकराला दोन दिवस गावाबाहेर जायचं तर नुसती रजा चालत नाही, मुख्यालय सोडण्याची परवानगी लागते. मी अर्ज केला. ‘रजा कालावधीतील पत्ता’ ह्या रकान्यात खरं तेच लिहिलं: नदीकाठ, कुडल. आस्थापनेच्या जोतिरामनं तो अर्ज परत आणला.

“रामहरीभाऊ, नदीकाठ म्हणजे अलीकडचा का पलीकडचा?”

“त्यानं काय फरक पडतो?”

“असं कसं? अलीकडं असला तर तालुका आपला. पलीकडं गेलात तर तालुका बदलला. थोडं खाली सरकलात तर राज्यच बदलायचं. परराज्यात जायचं असलं तर अर्ज वेगळा.”

मी ‘अलीकडचा’ असं लिहून दिलं. दोन दिवसांनी फाइल पुन्हा आली: ‘सहलीचे प्रयोजन स्पष्ट करावे.’ मी लिहिलं, ‘बसणे.’ त्यावर साहेबांचा शेरा आला, ‘बसण्यासाठी रजेची आवश्यकता काय?’

हा शेरा सगळ्या ऑफिसनं वाचला. शिपाईसुद्धा हसला. चौतीस वर्षं मी ह्या खात्याची इमानेइतबारे सेवा केली, त्याचं हे फळ. शेवटी ‘देवदर्शन’ असं लिहिलं, तेव्हा पाच मिनिटांत सही झाली. देवाचं नाव घेतलं की कुणी प्रश्न विचारत नाही. पण ह्या एका शब्दानं पुढं माझा घात केला, कारण जोतिराम आमच्याच गल्लीत राहतो आणि मी देवदर्शनाला निघालोय ही बातमी संध्याकाळच्या आत घरोघर झाली.

पहिले आले मडिवाळप्पा. शेजारी. एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, पण अजून कुणी रस्ता विचारला की हात आपोआप घंटीच्या दोरीकडं जातो.

“कुडल?” ते म्हणाले. “अय्यो, ते कुठं पळून चाललंय? जवळ हाय. शेवटाला ठेवा. आधी लांबचं धरा. विजापूर रोडनं निघायचं, मंद्रूप, पुढं आमच्या मामाच्या गावचा बसवण्णा. लई जागृत. तिथनं माचणूर. मग परंडा. दुसऱ्या दिवशी तुळजापूर, नळदुर्ग, अक्कलकोट, दुधनीवरनं गाणगापूर, आणि येताना वाटलं तर तुमचं कुडल. टिंग टिंग!”

“ते दोन दिवसांत होईल?”

“हौदु, होतंय की! मी असतो तर दीड दिवसात केलं असतं. मधी दोन ठिकाणी हाफ तिकिटाची भांडणं धरून.”

खरं सांगतो, मला तिथंच नाही म्हणता आलं असतं. पण त्यांनी नावं घेतली आणि माझे डोळे मिटले. परंड्याचे बुरूज दिसले, माचणूरचा घाट दिसला, मी प्रत्येक ठिकाणी हात मागे बांधून हळूहळू चालतोय असं दिसलं. वहीत मी सात देवळं आणि तीन किल्ले बसवले. कुडलला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जागा उरली, चार दहा ते चार पंचवीस. विजयमालेनं ते पान वाचलं आणि आत जाऊन शेंगा कुटायला लागली. नेहमीपेक्षा जोरात.

मग समोरच्या नागम्मा आल्या, हातात नारळ घेऊन. त्यांच्या घरी पूर्वी माग होते, आता गिरणीचं सूत फक्त वाती करायला उरलंय.

“सार, तुम्ही जातायच ना, तर हे नारळ नळदुर्गच्या खंडोबाला. माझ्या नावानं. नातवाला नोकरी लागावी म्हणून नवस बोलले होते, लागली.”

आपल्याकडं कुणी देवाला निघालं की त्याच्या हाती नारळ देणं हा शेजाऱ्यांचा हक्क आहे, आणि त्याला नाही म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या नवसाच्या आड येणं. ते पाप कोण घेणार? मी नारळ घेतला. दुसऱ्या दिवशी मडिवाळप्पांचा बसवण्णाला. मग कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचा तुळजाभवानीला, सोबत ओटी. जोतिरामचा गाणगापूरला, बढतीसाठी. ज्या बाईंनी मला आयुष्यात कधी नमस्कार केला नाही, त्यासुद्धा “भाऊ, जाताच आहात तर” म्हणत दारात उभ्या. ‘जाताच आहात तर’ ह्या तीन शब्दांची मी आता धास्ती घेतली आहे.

पण नियोजन म्हणजे नियोजन. कुणाचा नारळ कुठल्या देवाचा ह्यात गफलत नको. मी वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या केल्या, नाव, देव आणि कारण लिहिलं, आणि नागम्मांकडचं सूत घेऊन एकेक चिठ्ठी नारळाच्या शेंडीला बांधली. निघायच्या आदल्या दिवशी मोजणी केली. चिठ्ठ्या एकतीस. नारळ बत्तीस. पुन्हा मोजले. बत्तीस. विजयमालेला विचारलं, “हा बिनचिठ्ठीचा कुणाचा?”

“असेल कुणाचातरी,” ती म्हणाली आणि भाकऱ्या बांधायला वळली.

सकाळी सहाला निघायचं होतं. बिभीषण ड्रायव्हर मोडनिंबहून गाडी घेऊन वेळेत आला. मात्र डिकी उघडून तो दारातल्या नारळांच्या ढिगाकडं वळला.

“साहेब, मार्केट यार्डात टाकायचं हायत का?”

डिकीत अर्धे मावले. बाकीचे मागच्या सीटवर, पायाशी, मांडीवर. विजयमाला एका कोपऱ्यात, ओट्यांच्या पिशव्यांच्या मध्ये. कडक भाकरीचं गाठोडं तिनं छातीशी धरलेलं. मडिवाळप्पांनी शेवटच्या सूचना दिल्या त्यात नऊ वाजले, कारण आधी गावच्या सिद्धेश्वराला हात जोडल्याशिवाय गाव सोडायचं नाही हे त्यांना ऐनवेळी आठवलं. गाडी वळली की सगळे नारळ डावीकडं जायचे, पुन्हा वळली की उजवीकडं. प्रत्येक वेळी मागून एक “आई गं” यायची. मी आरशात बघायचं टाळलं.

मंद्रूप मागं पडलं. दोन्ही बाजूंना शाळू कणसात आला होता, वारा आला की सगळं रान एका बाजूला कलायचं. मी पुन्हा तंद्रीत गेलो. बरं वाटत होतं. तेवढ्यात बिभीषणनं ब्रेक मारला. रस्त्यावर शेळ्यामेंढ्यांचा मोठा कळप, आणि त्याच्या मध्ये घोंगडी घेतलेला एक म्हातारा, निवांत.

ब्रेकबरोबर डिकीचं झाकण उघडलं. ते दोरीनं बांधलं होतं, ती दोरी तुटली, आणि सोळा नारळ रस्त्यावर घरंगळत गेले.

“धरा! धरा!” असं मी ओरडलो. मी आणि बिभीषण नारळांमागं धावलो. पाच मिनिटांत सगळे गोळा केले. घामाघूम होऊन गाडीकडं वळून बघतो तर मागची दोन्ही दारं उघडी, विजयमाला बाहेर उतरून कंबर धरून उभी, आणि गाडीत शेळ्या. दोन आत, चार दारात. ओट्यांचे तांदूळ संपले होते. आता त्या शांतपणे, एकेक करून, चिठ्ठ्या खात होत्या. शेंडीसकट. रस्त्यावरच्या सोळांच्या चिठ्ठ्यांची तर आम्ही उचलायच्या आधीच सोय झालेली होती.

“अहो, हाकला त्यांना!” मी म्हाताऱ्याला म्हणालो.

“कागद लई आवडतंय त्यास्नी,” म्हातारा कौतुकानं म्हणाला. त्याचं नाव येडू. “शाई आसली तर जास्तच.”

त्याची बायको केराबाई मागून आली, तिनं काठीच्या एका टोल्यात शेळ्या बाहेर काढल्या. पण व्हायचं ते झालं होतं. एकतीस नवस, एकतीस कारणं, नाव, गाव, देव, सगळं शेळ्यांच्या पोटात होतं. त्यातली एक करडी माझ्याकडं बघून रवंथ करत होती. आता सगळेच नारळ बिनचिठ्ठीचे.

मी रस्त्याकडेच्या दगडावर बसलो आणि विचार केला. मग उभा राहून निर्णय सांगितला, “बिभीषण, गाडी परत घे. सोलापूरला. प्रत्येकाला बोलावून आपापला नारळ ओळखायला लावू, नव्या चिठ्ठ्या करू, आणि पुढच्या महिन्यात नव्यानं रजा टाकू.”

आज लिहिताना मला ह्याची लाज वाटते. पण त्या वेळी तेच नियमाला धरून होतं.

केराबाई विजयमालेला विचारत होती, “पाय दुकतंय व्हय गं बाई? कुटं निगाला हुता?”

“निघालो होतो कुडलला,” विजयमाला म्हणाली. “संगमावर बसायला. पुढच्या महिन्यात गुडघे कापणार आहेत.”

“मग जा की! आमी तितंच चाललोय, शेरडं पाण्यावर न्यायला. ही वाट थेट संगमाला उतरती.”

“आणि हे नारळ?” मी म्हणालो. “कुणाचा कुठल्या देवाचा ते कसं कळणार?”

केराबाईनं माझ्याकडं असं बघितलं की साहेबांचा शेरा बरा.

“देवाला म्हाईत न्हाय व्हय, कुणाचा कंचा त्यो? का त्यालाबी तूच चिट्टी दावनार?”

मी म्हणालो, “नियोजनाचा प्रश्न आहे.” विजयमालेनं भाकरीचं गाठोडं काखेत घेतलं, खांद्याची पिशवी नीट केली आणि म्हणाली, “तुम्ही जावा परत. नारळ ओळखून घ्या. मी ह्यांच्यासंगं जाते.”

आणि ती निघाली. शेळ्यांबरोबर, एकेक पाऊल टाकत, केराबाईच्या खांद्यावर हात ठेवून. मला वाटलं दहा पावलांवर थांबेल. ती थांबली नाही. एकदा तिनं गुडघा धरला, आणि केराबाईनं तिच्या हातात काठी दिली.

एकोणतीस वर्षांत तिनं कधी मला न विचारता पाऊल उचललं नव्हतं, असं मी म्हणणार होतो. पण खरं म्हणजे मीच कधी मागं वळून बघितलं नव्हतं.

“बिभीषण,” मी म्हणालो, “घे त्यांच्यामागं.”

“हॉर्न वाजवू का?”

“नको.”

मग आमची मिरवणूक निघाली. पुढं धूळ, धुळीत शेळ्या, शेळ्यांत माझी बायको, तिच्यामागं बत्तीस नारळांची गाडी पहिल्या गिअरमध्ये. थोडं पुढं गेल्यावर तिनं मागं बघितलं आणि गाडीत येऊन बसली. केराबाईला पण आत घेतलं. शाळूच्या मधून वाट उतरत गेली, ऊन सौम्य होतं, गाडीचा आवाजसुद्धा कुठून तरी लांबून येत होता. हे मी दिवाणावर कधी बघितलं नव्हतं.

संगमावरच्या देवळात गुरवानं नारळ पाहिले.

“लगीन हाय का कुणाचं?”

मी त्याला हकिगत सांगितली. तो म्हणाला, “द्या हिकडं,” आणि फोडायला लागला. विजयमाला एकटी पायऱ्यांकडं गेली. मी जाऊ शकत नव्हतो, कारण नवस दुसऱ्यांचे होते. प्रत्येक नारळाला मी डोळे मिटून मोठ्यानं आठवत होतो: “नळदुर्गच्या खंडोबा, हा बहुतेक नागम्मांचा. बसवण्णा, मडिवाळप्पांचा ह्यातलाच एक आहे. दत्तगुरू, जोतिरामची बढती.” गुरव मधेच म्हणाला, “साहेब, हितं संगमेश्वर हाय. बाकीच्यांना निरोप दील त्यो.” शर्ट पाण्यानं भिजला, अंगठ्याला करवंटी लागली. घरी आल्यावर नागम्मांना प्रसाद देताना मी काय सांगितलं ते विचारू नका. त्यांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, “नळदुर्गचं खोबरं गोडच असतंय.” मी नमस्कार करून आत पळालो.

गुरवानं शेवटचा नारळ फोडला. मी मोजत होतो. एकतीस.

“अजून एक आहे.”

“न्हाय. संपलं.”

मी गाडीत बघितलं, सीटखाली बघितलं, बिभीषणला उठवून त्याच्याखाली बघितलं. नव्हता. नारळ हरवला ह्यापेक्षा कुणाचा हरवला हेच माहीत नाही, ह्याची मला काळजी. तसाच धडपडत पायऱ्या उतरलो.

विजयमाला शेवटून तिसऱ्या पायरीवर मांडी घालून बसली होती. समोर दोन्ही नद्या. एक जरा हिरवी, एक मातकट, आणि पुढं गेल्यावर काही फरक कळत नव्हता. पलीकडं येडूच्या शेळ्या पाणी पीत होत्या. तिच्या मांडीत नारळ होता.

“अगं, हा इथं? मी सगळीकडं शोधतोय! कुणाचा आहे?”

“माझा.”

“तुझा? कुठल्या देवाचा?”

“इथलाच. जीपचं टायर बसवत होते ना, तेव्हाच बोलले होते.”

“काय बोलली होतीस?”

“आधी बसा.”

मी बसलो. घड्याळ बघायला हात उचलला, तिनं मनगट धरून खाली ठेवला. हात मग तिथंच राहिला. मी म्हणणार होतो की माचणूर अजून होऊ शकतं. म्हणालो नाही. पाण्यावर वारा यायचा, जायचा. कुठंतरी कुणी धुणं आपटत होतं, त्याचा आवाज आपटल्यानंतर जरा वेळानं यायचा. तिनं भाकरी मोडून अर्धी मला दिली, वर शेंगाची चटणी. किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. माझ्या आयुष्यात वेळ लिहून न ठेवलेला तो एकच कार्यक्रम.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, “आता तरी सांग. काय नवस होता?”

“ह्या माणसाला एकदा माझ्याशेजारी निवांत बसव. नारळ फोडीन, म्हटलं होतं.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी नारळाच्या पाण्याच्या नावावर खपवलं, शर्ट ओलाच होता. मग उठलो आणि तिच्यापुढं हात धरला. “चल. गुरव अजून आहे. जोडीनं फोडू.”

विजयमालेनं माझा हात धरला, कण्हत उठली, एकेक पायरी चढली. वर आल्यावर तिनं नारळ कानाशी धरून हलवला, आतलं पाणी वाजलं का ते ऐकलं, आणि पदरानं पुसून पुन्हा पिशवीत ठेवला.

“अगं, नवस फिटला ना?”

“फोडला की फिटला,” ती म्हणाली. “मग तुम्हाला परत इथं कोण आणणार? राहू दे. मांडी नसली तरी खुर्ची आणू.”